कितीला पडलं?

जालना जिल्ह्यातून युरोपला गेलेली पहिली बाई बहुधा भोकरदनची. १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या राखेखालून वीतभर उंचीची एक हस्तिदंती भारतीय मूर्ती निघाली. व्हेसुव्हियस फुटला इसवी सन ७९ मध्ये, म्हणजे बाई त्याच्या आधीच तिथं पोचलेल्या. पुढं १९७३ मध्ये भोकरदनला उत्खनन झालं, त्यात जवळपास त्याच घडणीची हस्तिदंती मूर्ती मिळाली आणि काही अभ्यासकांनी बाईंचं माहेर भोकरदन ठरवलं. काही जण अजून तेरकडं बोट दाखवतात, काही थेट वायव्य सरहद्दीकडं. सोयरिकीत एवढं चालायचंच. सध्या मुक्काम नेपल्सचं संग्रहालय. व्हिसा नाही, विमा नाही, परतीचं तिकीट नाही. नेण्याचा खर्च कुण्या व्यापाऱ्यानं केला, ठेवण्याचा इटलीचं सरकार करतंय. इतकं स्वस्त पॅकेज त्यानंतर जिल्ह्यात कुणाच्याही वाट्याला आलेलं नाही.

हल्ली आपल्याकडं नवं खूळ आलंय, 'सिटी ब्रेक'चं. एकच शहर, चार दिवस, बॅग छोटी. मुळात ही युरोपातल्या लोकांची सोय. शुक्रवारी ऑफिस सुटलं की स्वस्तातल्या विमानात बसायचं, दोन तासांत दुसऱ्या देशात उतरायचं, रविवारी रात्री आपल्या घरी. जालनेकरानं शुक्रवारी संध्याकाळी निघायचं म्हटलं, तर रविवार उजाडेस्तोवर तो जेमतेम हॉटेलात टेकतो. तेही मुंबईला जाणारा समृद्धी महामार्ग झाल्यामुळं. ५ जून २०२५ पासून तो पुरा ७०१ किलोमीटर खुला आहे. रेल्वेनं मुंबई गाठायची तर वंदे भारत आहे. ती ३० डिसेंबर २०२३ पासून जालन्याहून सुटायची, ऑगस्ट २०२५ पासून नांदेडहून सुटते. गाडी आपल्या नावानं सुरू झालेली, बसायला आधी नांदेडकर.

आता हिशेब. विमानाचं तिकीट चार दिवस राहा की चौदा दिवस, तेवढंच. शेंगेन व्हिसाची फी ११ जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो. चार दिवसांना सूट नाही आणि व्हिसा नाकारला तर परतावाही नाही. विमा किमान ३०,००० युरोंचा हवाच. युरोनं शंभरी ओलांडली आहे, त्यामुळं पुढं दोन शून्यं लावली की रुपये निघतात. थोडे कमीच निघतात, पण तेवढंच समाधान. म्हणजे एक पाय उचलायच्या आत जो खर्च होतो, तो चार दिवसांवर वाटला की दिवस महाग पडतो. म्हणून व्यापारी पेठेतला माणूस पहिलाच प्रश्न बिनतोड विचारतो : "एवढे पैसे घालायचे आन् एकच गाव पाहायचं?"

या प्रश्नातूनच 'दहा दिवसांत सात देश' जन्माला आले. सळई टनावर विकणाऱ्या गावात देश डझनावर घेतले तर नवल नको. एकूण रक्कम भागिले सात. देश स्वस्त पडला. त्यातला एक झोपेत गेला, एक बसच्या काचेतून दिसला आणि एकात फक्त जेवण झालं, हे भागाकारात येत नाही.

गंमत अशी, की युरोपातला खर्च कुठंच लपलेला नाही. तिथं प्रत्येक गोष्टीला दर आहे आणि तो पाटीवर लिहिलेला आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयानं जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्या पाहुण्यांचं तिकीट ३२ युरो केलं. नवराबायकोनं मोनालिसाचं दर्शन घ्यायचं तर साडेसहा हजारांच्या पुढं. राजूरच्या गणपतीला रांग असते, पण निदान तिकीट नाही. ॲम्स्टरडॅममध्ये खोलीच्या भाड्यावर साडेबारा टक्के पर्यटन कर. व्हेनिसमध्ये गर्दीच्या ठरावीक दिवशी मुक्काम न करता नुसतं गावात शिरायचे पाच युरो, ऐनवेळी ठरवलं तर दहा. जर्मनीत हायवेवरच्या स्वच्छतागृहाचा एक युरो. आपल्याकडं ही सोय फुकट आहे, फक्त सोय नाही.

उलट बाजूही पाटीवरच आहे. जर्मनीत पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की २५ सेंट परत मिळतात. फ्रान्समध्ये हॉटेलात जेवताना नळाच्या पाण्याचा जग मागितला की फुकट द्यावा लागतो. पण आपला माणूस इभ्रतीपोटी बाटली मागवतो. लूव्रला महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, जुलै-ऑगस्ट सोडून, संध्याकाळी सहानंतर फुकट प्रवेश असतो. कार्ड घासताना मशीन विचारतं, पैसे रुपयांत देणार की युरोत? रुपया बघून जीव हरखतो, बोट तिथंच जातं आणि मशीनवाला मनमानी दरानं रूपांतर करून मोकळा होतो. तिथं देशप्रेम आवरावं आणि युरो दाबावा. टूर कंपनीकडून पॅकेज घेतलं तर बिलात टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल केलेला आयकर, दिसतो. तो खर्चात धरू नये, आयकर रिटर्न भरलं की वळता होतो. अट एवढीच, की रिटर्न भरलं पाहिजे.

इथं काही जणांचा घास अडतो. व्हिसाच्या अर्जाला बँकेचं गेल्या काही महिन्यांचं स्टेटमेंट लागतं, आयकराचे कागद लागतात. पैसा आहे, एवढं पुरत नाही. तो कागदावर दिसावा लागतो. आणि आपलं गाव कसं, तर ऑगस्ट २०२२ मध्ये आयकर खात्याची माणसं आली ती वऱ्हाडाच्या गाड्या करून, काचांवर 'दुल्हन हम ले जायेंगे'ची स्टिकरं चिकटवून. सापडलेली रोकड मोजायलाच तेराएक तास लागल्याच्या बातम्या होत्या. वकिलातीतल्या साहेबाला हे वैभव समजावून सांगता येत नाही. तो म्हणतो, खात्यात दाखवा. बंगला, गाडी, शेत, सगळं दिसतंय. खात्यात तेवढं पंचेचाळीस हजार.

तरीही मी म्हणतो, जालनेकराचं बजेट युरोपात फुटत नाही. ते जालन्यातच फुटतं, निघायच्या आधी आणि आल्यानंतर.

आधीचा खर्च बघा. बोटांचे ठसे द्यायला मुंबई किंवा पुणे गाठायचं. काम अर्ध्या तासाचं, पण 'चाललोच आहोत तर' म्हणून घरदार सोबत, मेव्हण्याकडं मुक्काम, मेव्हण्याच्या पोरांना कपडे, येताना शिर्डी. मग नव्या बॅगा, कारण जुन्या 'तिथं बऱ्या दिसत नाहीत'. थर्मल, कोट, बूट. जून महिन्यातल्या रोमसाठी, जिथं ऊन परतूरसारखंच पडतं. मग देवदर्शन. मग निरोपाचं जेवण, ज्याला बोलावलं नाही तो आयुष्यभर बोलणार म्हणून सगळ्यांनाच. टूर कंपनीच्या पत्रकात यातलं एकही कलम नसतं.

मग खाण्याची पिशवी. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, धपाटे, इथपर्यंत ठीक. पण आई राजूरचा पेढा ठेवते, सासू तुपाची बरणी ठेवते आणि बागायतदार काका हट्टानं मोसंब्या भरतात. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढा आणि तूप दोन्ही बाद. ताज्या फळांना तपासणीचं प्रमाणपत्र लागतं. सवलत आहे ती केळी, नारळ, अननस, खजूर आणि डुरियन या पाचांना. डुरियनचा वास पलीकडच्या गल्लीतून ओळखू येतो, तो चालतो. भौगोलिक मानांकन मिळालेली जालन्याची मोसंबी मात्र कस्टमच्या कचराकुंडीत. काकांना हे सांगायचं नसतं. "फार आवडल्या तिथल्या लोकांना," एवढं सांगायचं.

आता परत आल्यानंतर. युरोपातल्या शेवटच्या दिवसाला शहर नसतं, सुपरमार्केट असतं. यादी लांबलचक : भाऊजी, नणंदा, सोसायटीचे चेअरमन, सीए, पोराचे क्लासवाले सर, आणि ज्यानं विमानतळावर सोडायला गाडी दिली तो. गाडीचं भाडं दिलं असतं तर चॉकलेटच्या निम्म्यात भागलं असतं. तीच चॉकलेटं मामा चौकातल्या दुकानातही मिळतील, पण त्यांच्यावर युरोची चिठ्ठी नसते. चिठ्ठी काढायची असते, हे आपल्याकडं कुणाला पटत नाही. त्यानंतर पाहुणे फोटो बघायला येतात, त्यांचा चहा-फराळ वेगळा. फोटो हजारभर, शहर एकच. "हे सगळं एकाच गावातलं?" असं विचारत ते दुसरी वाटी पुढं करतात.

तेव्हा चार दिवसांच्या सहलीचं खरं अंदाजपत्रक असं मांडावं. विमान, व्हिसा, विमा, खोली, मेट्रो, तिकिटं हे सगळं एका बाजूला. ते इंटरनेटवर बसून शेवटच्या सेंटपर्यंत काढता येतं. दुसऱ्या बाजूला एकच कलम, मानपान. त्यापुढं आकडा घालू नये, फक्त 'प्रत्यक्ष होईल तो' असं लिहावं. सरकारी कामाचं इस्टिमेट असंच असतं. हे दुसरं कलम छाटायची हिंमत असेल, तर जालन्याच्या मध्यमवर्गीयाला पॅरिस परवडतं. नसेल, तर माथेरानही परवडत नाही.

आणि शेवटी चौकात गाठून लोक विचारणारच : "भाऊ, कितीला पडलं?" खरा आकडा सांगितला तर उधार मागायला रांग लागते. कमी सांगितला तर "मग आमच्यासाठी का नाही बोललास?" जास्त सांगितला तर "एवढ्यात माझी दुबई दोनदा झाली असती." यावर उपाय एकच, हिशेबाच्या दोन वह्या ठेवाव्यात, एक घरची आणि एक लोकांना दाखवायची. ही विद्या शिकायला आपल्या पेठेतून कुणाला युरोपला जावं लागलेलं नाही.