प्रेमाचा उतार

घर विकत घेणे हा व्यवहार आणि घर बक्षीस देणे ही माया, असा भोळा समज उराशी बाळगून जे सद्गृहस्थ दुय्यम निबंधकाच्या कचेरीची पायरी चढतात, त्यांना तेथील बाकावर तिष्ठत असताना लवकरच कळून चुकते की, मायेलाही मुद्रांक लागतो, नोंदणी लागते आणि दोन साक्षीदार लागतात. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने तर देणाऱ्याच्या हयातीतच घेणाऱ्याने दान स्वीकारले पाहिजे, अशीही तंबी देऊन ठेवली आहे. पुण्यात सदनिका स्वीकारण्यास कोणी आढेवेढे घेतल्याचे मात्र ऐकिवात नाही.

आमच्या मामांनी आपली सदनिका चिरंजीवांच्या नावे करण्याचे योजिले, तेव्हा दस्ताचा मसुदा वाचून दाखविण्याची कामगिरी माझ्याकडे आली. पंख्याच्या वेगावरूनही ज्यांचे एकमत होत नसे, ते पितापुत्र त्यात अनुक्रमे ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ झाले होते, आणि सदरहू मिळकत ‘नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी, कोणताही मोबदला न घेता’ दिली जात होती. ते ऐकून मामी म्हणाल्या, “अहो, एवढा जिव्हाळा होता, तर इतकी वर्षं कुठे ठेवला होतात?” मामांनी चतुःसीमा पुन्हा वाचावयास सांगितले.

महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती वा पत्नीस, मुलास, मुलीस, नातवंडांस अथवा दिवंगत मुलाच्या पत्नीस बक्षीस दिल्यास, स्थानिक अधिभार निराळा ठेवून, मुद्रांक अवघा २०० रुपयांचा. परंतु तेच घर कृतज्ञ मुलाने बापास द्यावयाचे म्हटले की, दर एकदम ३ टक्क्यांवर जातो. पाण्याप्रमाणे प्रेमही उताराकडे वाहते आणि चढावर न्यावयाचे तर पंपाचा खर्च सोसावा लागतो, हे सत्य सरकारला कोणत्या संसारी अंमलदाराने सांगितले असेल कोण जाणे!

रोख औदार्याचीही हीच कथा. कर्ज ७५ लाखांवर गेले की, बँक घराच्या किमतीच्या तीन चतुर्थांशांहून अधिक देत नाही. उरलेल्या चतुर्थांशासाठी तरुण मंडळी वडीलधाऱ्यांकडे अपार आदराने पाहू लागतात. अशा वेळी काकाने पुतण्यास कितीही लाख दिले तरी त्यावर प्राप्तिकर नाही. पण पुतण्याने काकाला वर्षभरात ५०,००० रुपयांहून अधिक दिले, तर ती सर्व रक्कम काकांचे करपात्र उत्पन्न! कारण कायद्याच्या व्याख्येत काका पुतण्याचा नातेवाईक आहे, पुतण्या काकाचा नाही. १७७३ साली शनिवारवाड्यात जे घडले, ते ज्या प्रांताने पाहिले, त्याला ही व्याख्या उलटी वाटल्यास नवल नाही. जावयाला मात्र कायद्याने दोन्ही दिशांनी नातेवाईक मानले आहे. त्यांपैकी एकच दिशा वापरात असल्याचे दिसते.

लग्नात वधूवरांस मिळालेला आहेर कोणाकडूनही आला तरी करमुक्त. मुंज, वास्तुशांत आणि षष्ट्यब्दी यांस ती सवलत नाही. पतीने पत्नीस घर बक्षीस दिले, तर त्याचे भाडे प्राप्तिकर खाते पतीच्याच उत्पन्नात धरते. पतीच्या औदार्यावर एवढा अविश्वास कोणा सासूबाईंनीही दाखविला नसेल.

एकदा दिलेले बक्षीस देणाऱ्याला लहर आली म्हणून परत घेता येत नाही. अर्थात, घेणाऱ्याने आपला सांभाळ करावा अशी अट घालून ज्येष्ठ नागरिकाने मिळकत दिली असेल आणि ती अट मोडली गेली, तर २००७ च्या कायद्यान्वये न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्दबातल ठरवू शकते. मामांना अशी अट म्हणजे प्रेमाचा अपमान वाटत होता. मामींनी ती स्वतः सांगून लिहून घेतली आणि तिच्याखाली उभयतांचा तहहयात राहण्याचा हक्कही नमूद करविला. ज्या वाचकांच्या घरी सध्या जिव्हाळ्याचा मसुदा तयार होत असेल, त्यांनी सही करण्यापूर्वी या दोन कलमांवर बोट ठेवून पाहावे. ती नसतील, तर प्रेम आठवडाभर लांबणीवर टाकावे.