कीनोट, किट आणि कसर

संग्रहालयांची परिषद कशी ओळखावी? मंचावरच्या समईची वात पेटत नसते आणि मंचावर बसलेल्यांपैकी एकानेही संग्रहालयाच्या कुलपाला कधी किल्ली लावलेली नसते. बाकी सगळं साखर कारखान्याच्या वार्षिक सभेसारखं.

दारातच किट मिळतं. ज्यूटची पिशवी, फोल्डर, न उमटणारं पेन आणि प्रायोजकाचं कॅलेंडर. उद्घाटन साडेदहाचं असतं, पाहुणे सव्वाबाराला येतात, आणि जाणारा वेळ जेवणाच्या सुट्टीतून कापणं कुणाच्याच हिताचं नसतं. मग कात्री 'जतनाची मूलतत्त्वे' या सत्राला लागते. वाळवी, कसर, ओल आणि ऊन या चार शत्रूंविषयी बोलायला आलेल्या बिचाऱ्या तज्ज्ञाला पाचव्या मिनिटाला 'आवरा' अशी चिठ्ठी जाते. तो वाळवीवरच थांबतो. कसर तशीच राहून जाते.

दुपारी मात्र सभागृह खच्चून भरतं, कारण दुपारी गॉगल असतात. कंपनीचा तरुण येतो आणि अध्यक्षांच्या डोळ्यांवर आभासी वास्तवाचा चष्मा चढवतो. अध्यक्ष हवेत हात फिरवून नसलेला बुरूज चाचपडतात. टाळ्या पडतात, फोटो निघतात. याच अध्यक्षांच्या संस्थेत खरीखुरी तोफ अंगणात पावसात पडली आहे आणि तिला चष्म्याशिवायही हात लावता येतो, हे त्या गर्दीत कोण सांगणार?

माझं भांडण परिषदेशी नाही. संग्रहालयात काम करणाऱ्यांनी शिकलं पाहिजे, वरचेवर शिकलं पाहिजे. माझं भांडण हजेरीपटाशी आहे. तिथे जाऊन बसतात अध्यक्ष, जे पतसंस्थेचेही अध्यक्ष असतात. चिटणीस बसतात. सरकारी संग्रहालय असेल तर साहेब बसतात, ज्यांच्या बदलीची ऑर्डर पुढच्या महिन्यात निघायची असते. ज्याला यातलं सगळं उपयोगी पडलं असतं तो मामा मात्र तालुक्याच्या गावी स्टुलावर बसलेला असतो. त्याला का आणलं नाही, असं विचारलं तर उत्तर तयार आहे : "मग संग्रहालय उघडं कोण ठेवणार?"

उत्तर खरं आहे, म्हणून तर जास्त लागतं. गावोगावच्या संस्थांची संग्रहालयं एका माणसावर चालतात. तोच तिकीट फाडतो, तोच झाडू मारतो, तोच शाळेच्या पोरांना "काचेला हात नको" म्हणून ओरडतो. कागदावर तो शिपाई. प्रत्यक्षात तो अभिरक्षक, मार्गदर्शक, पहारेकरी आणि सूची, सगळं एकटाच.

सूची हा शब्द मी जपून वापरतोय. रोममधल्या इक्रोम या जतनसंस्थेने छोट्या संग्रहालयांची कोठारं लावण्यासाठी 'री-ऑर्ग' नावाची पद्धत बसवली आहे. खर्चिक यंत्रं नाहीत, गॉगल नाहीत. नियम साधे : जमिनीवर काही ठेवायचं नाही, प्रत्येक वस्तूला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाला ठरलेली जागा, आणि कोणतीही वस्तू तीन मिनिटांत हाती आली पाहिजे. आता आपल्याकडच्या एखाद्या वाड्यातल्या संग्रहालयात जा आणि ताम्रपट मागा. दाखल नोंदवहीत 'तांब्याचा पत्रा, १ नग' एवढंच असतं. जागेच्या रकान्यात 'कपाट'. कपाटं अकरा. चिटणीस घाम पुसत म्हणतात, "मामांना हाक मारा." मामा येतात, पालखीचा दांडा बाजूला करतात, मागच्या कपाटाच्या खालच्या फळीवरून फडक्यात गुंडाळलेलं काही काढतात आणि पुढे धरतात. एक मिनिटही लागत नाही. रोमवाले उठून टाळ्या वाजवतील. पण मामा पुढच्या वर्षी निवृत्त होताहेत. ते जातील तेव्हा सूचीही त्यांच्याबरोबर घरी जाईल. शाल आणि श्रीफळ त्यांच्या वाट्याला येईल ते त्याच दिवशी.

मामांना देव्हाऱ्यात बसवायचीही गरज नाही. पालकमंत्री येणार म्हणून याच मामांनी पंचधातूची मूर्ती चिंच आणि राखेने घासून अशी लखलखीत केली होती की शेकडो वर्षांचा तिचा रंग एका सकाळी मोरीतून वाहून गेला. फाटलेल्या मोडी कागदाला प्रेमाने सेलोटेप लावला होता. त्याचा डिंक आता पिवळा पडून कागद खातोय. पोथ्यांच्या कपाटात डांबरगोळ्या भरपूर, पण वाळवी येते भिंतीतून आणि तिला त्या वासाचं काही वाटत नाही. यातली एकही चूक बेपर्वाईने झालेली नाही. मूर्ती घासू नये, टेप लावू नये, कपाट भिंतीपासून हातभर लांब ठेवावं, हे सांगायला अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास दर वर्षी समईखाली जातो.

यावर हमखास येणारा प्रतिवाद : "केळकरांनी कुठे कोर्स केला होता?" नव्हता केला. दिनकर केळकरांनी वाडे धुंडाळून अडकित्ते, दिवे, वज्र्या जमवल्या आणि गेलेल्या मुलाच्या नावाने पुण्यात वीस हजारांवर वस्तूंचं संग्रहालय उभं केलं. तेरला रामलिंगप्पा लामतुरे गावात सापडणारी नाणी, मणी, मृण्मूर्ती गोळा करत राहिले. पॉम्पेईच्या राखेतून निघालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची बहीण शोभावी अशी मूर्ती त्यांच्या संग्रहात आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुन्या दप्तरांसाठी गावोगाव वणवण केली. त्यांना कुणी किट दिलं नव्हतं. पण ही माणसं जमवणारी होती. जमवायला वेड लागतं, राखायला वेळापत्रक लागतं. केळकरांचं नाव घेऊन प्रशिक्षणाची फाइल बंद करणाऱ्यांनी आधी केळकरांच्या निम्मी पायपीट करून दाखवावी.

जगाच्या पातळीवरही फार वेगळं नाही. 'आयकॉम' ही संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय परिषद २०१९ मध्ये क्योतोला जमली ती संग्रहालयाची नवी व्याख्या करायला. तिथे एकमत होईना, विषय पुढे ढकलला. तीन वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, प्रागला ९२ टक्क्यांवर मतांनी व्याख्या मंजूर झाली. त्यात समाजाची सेवा आहे, सर्वसमावेशकता आहे, शाश्वतता आहे, समूहांचा सहभाग आहे. मला ती व्याख्या खरंच आवडते. फक्त आपल्या परिषदांमध्ये ती पडद्यावर वाचली जाते तेव्हा संग्रहालयाचा निम्मा समूह स्टुलावर राहिलेला असतो.

आपल्याला जमत नाही असंही नाही. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हा दालन, काच, दिवे, बंदोबस्त, सगळं वेळेत उभं राहिलं. उसन्या वस्तूबरोबर अटी येतात आणि त्या पाळाव्या लागतात. घरच्या वस्तूंच्या वतीने अटी घालायला कुणी नाही, एवढीच अडचण. कागदावर आणि कापडावर पन्नास लक्सपेक्षा जास्त उजेड नको, हे पाहुण्या वस्तूंसाठी कळतं. घरची पैठणी मात्र पश्चिमेच्या खिडकीशेजारी ऊन खात विटत राहते.

आणि पूर परिषदेच्या तारखा बघून येत नाही. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं, लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरलं. १८६४ पासूनची संस्था, पुस्तकांची कपाटंच्या कपाटं भिजली. भिजलेल्या कागदावर साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते. त्या दोन दिवसांत काय करायचं हे त्या दोन दिवसांत शिकता येत नाही. उन्हात पसरायचं नाही, चिकटलेली पानं ओढून सोडवायची नाहीत, टिपकागद घालायचे, पंख्याखाली ठेवायचं. फारच भिजलं असेल आणि हात कमी असतील, तर सरळ गोठवायचं. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, महिन्याभराने निवांत सुकवता येतो. आता सांगा, कोकणात गोठवायची सोय कुणाकडे असते? मासळीवाल्यांकडे. म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या प्रत्येक संग्रहालयाच्या भिंतीवर जवळच्या मासळीच्या शीतगृहाचा नंबर हवा, आणि त्या मालकाशी चहा पावसाआधीच प्यायलेला हवा. या एका नंबराची किंमत तीन कीनोट भाषणांहून जास्त आहे. पण 'मासळीचे शीतगृह व वारसाजतन' असा निबंध कुणी पाठवला तर निवड समिती तो हसण्यावारी नेईल.

शिकवणारे नाहीत म्हणावं, तर तेही नाही. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्र १९५२ पासून शिकवतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतनाचं उत्तम केंद्र आहे, आणि २०१५ पासून त्यांची वातानुकूलित बस संग्रहालय घेऊन शाळाशाळांत फिरते. पोरांच्या दारात संग्रहालय जाऊ शकतं, तर मामांच्या दारात जतनतज्ज्ञ का जाऊ नये? मामांना हलवायला नको, टीए-डीए नको, आणि "उघडं कोण ठेवणार" हा प्रश्नच मिटला.

तारीखही सुचवतो. १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, १९७७ पासून जगभर पाळतात. आपल्याकडे त्या दिवशी रांगोळी, तिकीट माफ आणि व्याख्यान. त्याऐवजी जिल्ह्यातल्या सगळ्या मामांना त्यांच्यातल्याच एकाच्या कौलारू संग्रहालयात बोलवावं. त्यांच्या जागी स्टुलावर त्या दिवसापुरते अध्यक्ष बसतील, तिकिटं फाडतील आणि कुणी ताम्रपट मागितला तर अकरा कपाटं उघडून बघतील. इकडे तज्ज्ञ मांडी घालून मामांसमोर बसेल, कसर राहून न जाता पुरी होईल, एक जण मोबाइलवर कपाटनिहाय यादी बोलून घेईल. मे महिना म्हणजे पावसाच्या तोंडावर घरं शाकारायचे दिवस. तेव्हा उद्घाटनाला मंत्री नाही मिळाले तरी चालेल, पण त्या संग्रहालयाची कौलं चाळणारा गडी आठवडाभर आधी सांगून ठेवा. त्या दिवसांत त्याची तारीख मंत्र्यांपेक्षा अवघड मिळते.