मास्तरांची गाडी

नातेपुत्यात मोटरसायकल बंद पडली तर माणूस एकटा पडत नाही. पहिली किक वाया जाऊन दुसरी मारेपर्यंत चार जण जमतात, आणि चौघांची चार निदानं तयार असतात. ‘प्लगात कचरा असंल.’ ‘पेट्रोल ओव्हरफ्लो झालंय, चोक बंद करा.’ ‘कार्बोरेटर खोला.’ चौथा बोलत नाही. तो सरळ हँडल धरून म्हणतो, ‘आडवी पाडा.’ यातलं काहीतरी लागू पडायचंच, कारण कार्बोरेटर सगळ्यांचं ऐकायचा. खोला, पेट्रोलनं धुवा, जेटमध्ये फुंकर मारा, की निघाली गाडी पंढरपूरच्या दिशेनं.

हे सुख 1 एप्रिल 2020 पासून ओसरलं. त्या तारखेपासून देशात धुराच्या बीएस-सहा निकषात बसणाऱ्याच नव्या गाड्या विकायच्या असा नियम आला आणि बहुतेक मोटरसायकलींच्या पोटातून कार्बोरेटर निघून गेला. त्याच्या जागी इंजेक्टर आला, आणि इंजेक्टरला हुकूम सोडणारी ईसीएम नावाची डबी आली. इंजेक्शन तसं जुनंच. हिरो होंडानं 2006 मध्येच इंजेक्शनची ग्लॅमर काढली होती. पण आम्ही ते लांबूनच पाहत आलो, आणि एके दिवशी सरकारनं ते आमच्या सीटखाली आणून बसवलं.

ही डबी तळहातावर मावते. इंजिन किती तापलंय, क्रँक कुठवर फिरलाय, मूठ किती पिळलीय, धुरात ऑक्सिजन किती उरलाय, या सगळ्याच्या चहाड्या सेन्सर तिच्याकडे करत असतात. त्या ऐकून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा आणि ठिणगी कधी टाकायची हे ती ठरवते. रस्त्यावर जमलेल्या चौघांचं मत घेण्याची सोय तिच्यात नाही.

अशी एक जुनी, म्हणजे वापरलेली, बीएस-सहा गाडी मी घेतली. विकणारा म्हणाला, ‘मास्तरांची गाडी हाय. शाळा आन् घर, तिसरी जागा तिला म्हाईत न्हाय.’ माळशिरस तालुक्यात आहेत त्यापेक्षा जास्त मास्तर सेकंडहँड गाड्यांच्या बाजारात असतात, हे मला ठाऊक होतं. पण पुस्तकावर नाव खरोखरच एका मास्तरांचं होतं. नंबर अकलूजचा, एमएच-45. एकोणतीस आणि तीस नंबरच्या फॉर्मांवर सह्या झाल्या आणि गाडी माझी झाली.

सुरुवातीला ती गुणानं वागली. मग शिखर शिंगणापूरच्या चढाला तापली की बंद पडू लागली. महादेवाला जाणाऱ्या भाविकांनी हात जोडले की पुन्हा चालू व्हायची. मीटरवर इंजिनाचं पिवळं चित्र लुकलुकायला लागलं. ते चित्र उगाच लुकलुकत नाही, त्याला भाषा असते. लांब उजेड म्हणजे दहा, आखूड उजेड म्हणजे एक. बेरीज करायची आणि कोणता सेन्सर तक्रार करतोय ते ओळखायचं. आमच्या चौकात ही मोजणी जाहीरपणे झाली. एकानं बारा मोजले, दुसऱ्यानं तेरा. तिसरा तंबाखू मळता मळता मधलं एक चुकला आणि ‘फेरमोजणी घ्या’ म्हणाला. चौथ्यानं गाडी आडवी पाडली. या गाड्यांत तिरकेपणा ओळखणारा एक सेन्सर असतो. गाडी पडली की तो इंजिन आपणहून बंद करतो. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला तो रामबाण उपाय आता रोगाच्या यादीत गेला आहे, हे चौथ्याला सांगण्याचं धाडस कुणालाच झालं नाही.

फेरमोजणीची वेळ आलीच नाही. एका सकाळी चावी फिरवली तर चित्र लागेना, आणि पेट्रोलच्या पंपाचा तो बारीक ‘सुंईं’ आवाजही येईना. गाडी ढकलत मेस्त्रीकडे नेली. मेस्त्रीनं फ्यूज बघितला, बॅटरी बघितली, कपलर सोडवून साफ केले. मग मल्टिमीटरची टोकं सेन्सरच्या वायरीला लावली. तिथं डबीकडून पाच व्होल्ट यायला हवेत; आला भोपळा. एकेक सेन्सर सोडवून पुन्हा बघितलं, तरी भोपळाच.

‘ईसीएम गेलं,’ मेस्त्री म्हणाला.

‘मग खोला की!’ चौघं एका सुरात म्हणाले.

‘खोलत न्हाय ते. आत काळं रेझिन वतून बंद केल्यालं असतंय.’

दुकानात शांतता पसरली. या गावात उसाच्या ट्रॅक्टरपासून बोअरच्या मोटारीपर्यंत सगळं उघडलं जातं. काही वेळा परत बसवलंही जातं. न उघडणारी वस्तू पंचांच्या पचनी पडेना. एकाचा मेव्हणा पुण्यात नाना पेठेत होता. तो भंगारातल्या गाडीची डबी निम्म्या पैशात काढून देणार होता. मेस्त्रीनं हात झटकले. पार्ट नंबर तंतोतंत जुळला पाहिजे. मॉडेल तेच असून साल बदललं तरी डबी बदलते. काही गाड्यांत तर ती चावीला ओळखल्याशिवाय कामच करत नाही. आणि स्पेअरच्या दुकानात पाटी असतेच: इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही. म्हणजे नवी डबी लावली, तीही जळली, तर देवाचं नाव घ्यायचं.

म्हणून मेस्त्री अडून बसला. ‘ही का गेली ते कळल्याबिगर नवी लावायची न्हाय. न्हायतर तीबी जाईल.’

तेवढ्यात शेजारच्या शेडमधले वेल्डिंगवाले मामा चुना मागायला आले. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली, मागच्या सांगाड्यावर वाकले आणि रंगावरून अंगठा फिरवला. लेक सासरहून यावी तसा चेहरा उजळला.

‘ह्ये टाकं माझं हायत! मास्तरांच्या दुधाच्या कॅनचं स्टँड मीच मारलं व्हतं. दोन्ही अंगाला चाळीस-चाळीस लिटर. नंतर कुणीतरी ग्राइंडरनं कापून रंग मारलाय.’

मेस्त्रीनं सावकाश विचारलं, ‘मामा, वेल्डिंगच्या टायमाला बॅटरी काढली व्हती का?’

‘बॅटरी? स्टँड कराया बॅटरी कशाला लागती?’

गुन्हा उघडकीला आला. वेल्डिंगचा प्रवाह शंभर अँपिअरच्या आसपास असतो. त्याला परत जायला वाट लागते. अर्थचा चिमटा लांब लावलेला असला आणि बॅटरी जोडलेली असली, की तो सांगाड्यातून, वायरिंगमधून, सापडेल त्या वाटेनं जातो. पाच व्होल्टवर जगणाऱ्या डबीच्या दारावरून हा लोंढा गेला तर ती जागेवर मरेलच असं नाही. घायाळ होते, महिनोन्‌महिने कुंथत चालते आणि पुढच्या मालकाच्या मांडीवर जीव सोडते. मेस्त्रीनं टाक्याजवळची अर्थची वायर सोलली. आतली तार काळी पडली होती.

विकणारा मात्र खोटं बोलला नव्हता. मास्तर खरे होते, शाळाही खरी होती. शाळेआधी ते डेअरीला दूध घालत, एवढंच सांगायचं राहिलं होतं.

अर्थची वायर बदलली. नवी डबी आली. तिची किंमत ऐकून चौघांतले दोघे आपापल्या कामाला निघून गेले. बॅटरी सोडवून मेस्त्रीनं डबी बसवली, कपलरचं लॉक ‘टक्’ वाजेपर्यंत दाबलं, बॅटरी परत जोडली आणि चावी फिरवली. चित्र लागलं, पंप सुंईं झाला, चित्र विझलं. बटण दाबताच गाडी सुरू. ‘मी म्हणलो नव्हतो?’ असं उरलेले दोघे म्हणाले. मामांनी तर ‘आता कॅरिअर मारून देऊ का?’ असंही विचारलं.

तेव्हा वापरलेली इंजेक्शनवाली गाडी घेणाऱ्यांनी एवढं करावं. किलोमीटरचा आकडा बघण्याआधी सीट काढून सांगाड्यावर नवा रंग, जुने टाके आहेत का ते बघावं. चावी फिरवल्यावर इंजिनाचं चित्र लागून विझतं का, हे बघावं. लागलंच नाही तर पुढं बोलू नये. गाडीवर वेल्डिंग करायचंच असेल तर बॅटरीची आधी मायनस, मग प्लस वायर काढावी, ईसीएमचा कपलर सोडवावा आणि अर्थचा चिमटा टाक्याच्या अगदी जवळ लावावा. आणि कुणी ‘मास्तरांची गाडी’ म्हणालं, तर मास्तर शाळेआधी काय करायचे, हे जरूर विचारावं.