अंगठा दिल्यानंतर

लोणारचं खारं पाणी सोडलं तर बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही, असं भूगोलाच्या मास्तरांनी सांगितलं होतं. मास्तरांना आमचा व्यवहार ठाऊक नसावा. आम्ही दोन समुद्रांना माल पुरवतो. घाटाखालचं पाणी पूर्णेतून चांगदेवला तापीत, तिथून सुरतेवरून अरबी समुद्रात. घाटावरची पैनगंगा वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशा गाड्या बदलत बंगालच्या उपसागरात. पूर्व-पश्चिम दोन्हीकडे निर्यात, तीही बिनभाड्याची!

माल म्हणजे नत्र. युरियाची गोणी ४५ किलोची, भाव २६६ रुपये ५० पैसे, आत नत्र वीस किलोंच्या वर. विक्रीवर सरकारची नजर इतकी करडी, की कृषी केंद्रातल्या पॉस मशीनवर अंगठा उमटल्याशिवाय गोणी जागची हलत नाही. वरून लिंकिंगचा आहेर: युरिया पाहिजे असेल तर ही बाटली पण न्या, भाऊ. मात्र गोणी दुकानाबाहेर पडली की हिशेब संपला. पिकाच्या तोंडी बरेचदा निम्मंही नत्र लागत नाही. उरलेलं काही हवेत उडतं, काही नाल्याला लागतं, काही खाली झिरपतं. त्याचा अंगठा कोण घेणार?

आता सोयाबीन पाहा. फुलोऱ्यातलं एक झाड अलगद उपटा. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतील. एक नखाने फोडा. आत गुलाबी असेल तर समजा कारखाना चालू आहे. हवेतलं नत्र झाडाला फुकट मिळतंय. अशा पिकावर आम्ही युरिया फेकतो. आयता डबा दारात आल्यावर चूल कोण पेटवेल? गाठी सुस्तावतात. पण शेजाऱ्याचं रान काळंभोर दिसतं ना, मग आपलंही दिसलं पाह्यजे! शेतकऱ्याला तरी किती बोलायचं? डीएपीची गोणी साडेतेराशेच्या घरात आणि युरिया अडीचशेच्या आसपास, असा भाव ज्यांनी लावला त्यांनीच डोस ठरवून दिला आहे.

तिकडे नदीवाटे खाडीत नत्र-स्फुरद उतरलं की शेवाळ माजतं. ते मरतं, कुजतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू पिऊन टाकतं. मासळी पळते, नाहीतर गुदमरते. अमेरिकेत मका-सोयाबीनच्या पट्ट्यातलं खत मिसिसिपी नदी मेक्सिकोच्या आखातात नेऊन ओतते. २०१७च्या उन्हाळ्यात तिथला असा बिनप्राणवायूचा मृतपट्टा सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर भरला. बुलढाणा जिल्हा ९,६६१. म्हणजे दोन बुलढाणे बुडवून वर एखादा-दुसरा तालुका सहज मावेल. आयोवातल्या मकेवाल्याला ते आखात दिसत नाही, आणि नांदुऱ्यातल्या मकेवाल्याला सुरतेची खाडी दिसत नाही. शिवाय तापीच्या मुखाशी अख्खं सुरत शहर आणि हजिऱ्याचे कारखाने. त्या गर्दीत आमचा माल ओळखू येत नाही, ही एक सोयच झाली.

पण सगळा माल बंदरापर्यंत जात नाही. बराचसा नायट्रेट होऊन गावातच उतरतो, विहिरीत. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या अहवालात नायट्रेटने ग्रासलेल्या जिल्ह्यांमध्ये बुलढाण्याचं नाव मानाने झळकलं आहे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. गोणीही ४५ची, मर्यादाही ४५ची, काय जुळलंय!

जानेवारी २०२५मध्ये शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगण्याच्या लोकांचे केस मुठी-मुठीने हातात यायला लागले, तेव्हा पाणी तपासलं गेलं आणि नायट्रेट जास्त निघालं. पहिल्यांदाच हा शब्द पारावर पोचला. दिल्ली-चेन्नईहून पथकं आली, वाहिन्यांचे कॅमेरे आले. मग संशोधक डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं, सगळ्यांच्या माना गव्हाकडे वळल्या आणि केसांपाठोपाठ बातमीतून नायट्रेटही गळालं. बऱ्याच जणांचे केस पुढे उगवले. नायट्रेट टक्कल पाडत नाही, बाटलीच्या दुधात ते पाणी पडलं तर तान्ह्या बाळाला निळं पाडतं. त्यासाठी दिल्लीहून पथक यायला बाळांनी आधी केस गाळून दाखवावेत.