खुळेपणाची स्तुती

खुळेपणाचे प्रकार पुष्कळ आहेत. पण शाळेच्या १७ वर्षांखालील कबड्डी संघातल्या मुलीने गुडघ्याच्या दुखापतीपायी नऊ महिने खेळ थांबवावा आणि तरीही रोज संध्याकाळी मैदानावर येऊन बसावं, हा खुळेपणा सगळ्यांत थोर. त्याची स्तुती राहून गेली आहे. ती मी मनापासून करणार आहे.

दुखापत होते क्षणात. मुलगी चढाईला जाते, बोनस रेषेपलीकडे पाय टाकते, कोपरा सांभाळणारी खेळाडू अंगावर येताना दिसते आणि ती एका पायावर गर्रकन वळते. पाऊल मॅटवर रुतलेलं राहतं, गुडघा आत वळतो. कित्येकींना ‘टक्’ असा आवाज आल्याचं आठवतं. बऱ्याचदा कुणाचा धक्काही लागलेला नसतो. काही तासांत गुडघा सुजतो आणि पुढे एमआरआयमध्ये निघतं: एसीएल हा गुडघ्यातला बंध फाटला. एकाच खेळात मुलांपेक्षा मुलींना ही दुखापत जास्त होते.

मग शहाणी माणसं घरी येऊ लागतात. क्रेप बँडेज बांधून जिल्ह्याचा तेवढा सामना खेळू दे, असं कुणी सुचवतं. आत्या हाडवैद्याकडे चोळून घ्यायला सांगते. काका म्हणतात, दहावी तोंडावर आहे, आता खेळ पुरे. प्रत्येकाजवळ हिशेब आहे: क्रीडागुण, टक्के, लग्न. हिशेब चुकीचे नाहीत. खुळीजवळ मात्र एकही हिशेब नाही. तिला परत चढाईला जायचं आहे, एवढंच.

नवा बंध बसवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिला काम मिळतं ते गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबण्याचं. मांडी दगडासारखी घट्ट झाली पाहिजे. ती होत नाही. सूज आणि दुखापतीमुळे मांडीचा स्नायू मेंदूचं ऐकेनासा झालेला असतो. ज्या पायाने तिने चारचार जणींच्या साखळीतून अंग सोडवून घेतलं, त्या पायाकडे बघत ती पलंगावर हुकूम सोडत राहते आणि मांडी ढिम्म. तरी ती दुसऱ्या दिवशी पुन्हा टॉवेल गुंडाळते.

खुळेपणाची खरी परीक्षा पाचव्या-सहाव्या महिन्यात. सूज गेलेली, दुखणं गेलेलं, पोरगी पळतेसुद्धा. आता सगळेच म्हणतात, झाली की बरी! नेमका इथे धोका असतो, कारण बसवलेला नवा बंध अजून पुरता मुरलेला नसतो. खेळाकडे परतणाऱ्या २५ वर्षांखालच्या खेळाडूंपैकी साधारण चौथ्या हिश्श्याला एसीएलची दुखापत पुन्हा होते, त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याला. २०१६ मध्ये नॉर्वेजियन आणि अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिलं, की नवव्या महिन्यापर्यंत परतणं जितकं लांबवावं, तितकं दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीचं प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटतं. धडधाकट दिसणाऱ्या पायाला घेऊन गप्प बसून राहायचं, तेही सोळाव्या वर्षी! याला खुळेपणा नाही तर काय म्हणायचं?

आणि बसायचं कुठे, तर मैदानाकडेला. घरी राहिली तर कुणी बोल लावणार नाही. पण गुडघ्याबरोबर मुलीचा संघही हातचा जायला लागतो: सरावाची वेळ, वडापाव, एकमेकींना दिलेल्या शिव्या. त्या हरवण्याला एमआरआय नाही. कित्येक रात्री उशीत तोंड खुपसून रडणं असतं ते याचं. म्हणून ती येते आणि गुणलेखन करते. तिच्या जागी घेतलेली मुलगी चढाईला निघाली की पोटात कालवतं. तरी ती ओरडून सांगते, “अगं, डावा कोपरा पुढं आलाय, मागं हो!” आपली जागा घेतलेल्या मुलीला आपली विद्या देणं कुठल्याही व्यवहारात बसत नाही. माझ्या लेखी या खुळेपणातला सर्वांत मोठा भाग हाच.

नऊ महिन्यांनी एका पायावर उड्या मारायची चाचणी होते. दुखऱ्या पायाने चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के अंतर गाठायला हवं. ८५ वर अडला, तर खुळी आणखी थांबते, तालुक्याची स्पर्धा त्याच आठवड्यात असली तरी.

क्रीडाशिक्षकांना एवढीच विनंती, की त्या स्पर्धेला जाताना गाडीत तिचीही जागा धरा. पाय लांब करता येईल अशी.