पाया कच्चा आहे, गुरुजी!

असा एक माणूस तुमच्याही गल्लीत असणार. पेटी, बासरी, संस्कृत, सूर्यनमस्कार यांपैकी काहीतरी तो कायम 'पुन्हा सुरू' करत असतो. आमच्या कुरुंद्यात त्याला अण्णा म्हणतात. तो माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो आणि त्याच्याकडे बेस गिटार आहे.

हे वाद्य गावाच्या गळी उतरवण्यातच अण्णांचं एक वर्ष गेलं. आमच्याकडं 'बेस' म्हणजे झकास. त्यामुळे पारावर ठरलेला संवाद व्हायचा.

"अण्णा, कंची गिटार हाय ही?"

"बेस."

"बेस हाय ते दिसायलंच की. पण कंची हाय?"

शेवटी अण्णांनी बेसचा अर्थ स्वतःपुरता 'पाया' असा लावून घेतला. इंग्रजीत वाद्याचा 'बेस' आणि पायाचा 'बेस' हे दोन शब्द वेगळे, त्यांची स्पेलिंगं वेगळी, हे मी शाळामास्तर असल्यामुळे सांगून पाहिलं. "गुरुजी, गाणं म्हंजे घर," अण्णा म्हणाले. "गाणारा म्हंजे गच्ची. गच्चीवर कोण उभं हाय ते समद्यायला दिसतं. पाया दिसतो का?" त्या दिवसापासून अण्णांच्या तोंडी एक वाक्य बसलं आणि ते आमच्या नशिबी आलं: "पाया कच्चा आहे."

त्यामागं इतिहास आहे. तरुणपणी अण्णा नांदेडच्या एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचे. शिकलेले नव्हतेच. शेजारच्याची बोटं बघून बघून वाजवायचे. 1999च्या 1 मेला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्याच उन्हाळ्यात अण्णांचे वडील गेले, शेती अंगावर आली आणि अण्णा ऑर्केस्ट्रातून वेगळे झाले. गिटार खुंटीला लागली. अठरा वर्षं तिच्यावर चिमण्यांनी संसार केले. पुढं त्रेचाळिसाव्या वर्षी मुलीचं लग्न उरकलं आणि अण्णांनी चिमण्यांना नोटीस दिली. म्हणाले, "आता रीतसर शिकायलो. पहिल्या धड्यापासून. तवा पाया कच्चा राहिला होता."

तो पहिला धडा आता सबंध गल्लीला पाठ आहे. चार तारा, दर तारेवर चार ठोके, एकदा तर्जनी, एकदा मधलं बोट. म्हणजे एकूण सोळा 'ढूं'. सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण 41 वेळा थरथरते, त्यामुळे ती कानापेक्षा बरगड्यांना आधी कळते. आमच्या घरात ती सर्वांत आधी मांडणीवरच्या स्टीलच्या ताटांना कळते. दहाव्या 'ढूं'ला परात सामील होते. अँपला वीज लागते, आणि वीज येते तिच्या सवडीनं. म्हणजे रात्री साडेअकराला लाइट आली की गाव मोटार चालू करायला शेताकडं निघतं आणि अण्णा पहिल्या धड्याकडं. मी अंथरुणात मोजत पडतो. सोळा झाले की झोप लागते. एकदा पंधराव्याला लाइट गेली. त्या रात्री मी दोनपर्यंत जागा होतो. सकाळी वहिनींचेही डोळे लाल दिसले.

हौस टिकवायचे अण्णांचे उपाय स्वतंत्र. दसऱ्याला गिटारीची पूजा करून सुरुवात, पाडव्याला नवी सुरुवात, मध्ये अक्षय्य तृतीया. प्रत्येक सुरुवातीला एक वस्तू यायची: पट्टा, स्टँड, वहीला प्लास्टिकचं कव्हर, बोटांना फोड येतात म्हणून खोबरेल तेलाची नवी बाटली. एका वर्षी भिंतीवर कॅलेंडर टांगून रियाज झाला की त्या दिवसावर फुली मारायचं ठरलं. वहिनी त्याच कॅलेंडरवर दूधवाल्याचे खाडे लिहायच्या. महिनाअखेर हिशोबात अण्णांचा रियाज दूधवाल्याच्या बिलातून वजा झाला. तो बिचारा चार दिवस भांडत होता.

आणि प्रत्येक वेळी सुरुवात पहिल्या धड्यापासूनच. मध्ये आठवडा जाऊ दे नाहीतर चार महिने, दुसऱ्या धड्याचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं. हळूहळू ते गिटारीतून बाहेर पसरलं. वादळात शेजारच्या मळ्यातल्या केळी आडव्या झाल्या: पाया कच्चा. कुणाचा जावई रुसला: पाया कच्चा. माझ्या शाळेचा निकाल लागला, तेव्हा अण्णांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं. 2024 साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पारावर पेढे वाटणाऱ्याला म्हणाले, "मानांकन ठीक हाय, पन बेणं बघून लावलंस का? पाया..." पेढेवाल्यानं त्यांच्या तोंडात पेढा कोंबला.

2022च्या जुलैत गावात पूर शिरला. लोक धान्याची पोती वर चढवत होते, तेव्हा अण्णांनी सगळ्यात आधी गिटार माळ्यावर टाकली. वहिनींनी हे अजून माफ केलेलं नाही. अँप भिजून फुगला. पाणी ओसरल्यावर आम्ही सगळे गाळ उपसत होतो. अण्णा स्वतःच्या भिंतीच्या बुडाशी उकिडवे बसून खचलेली माती बघत होते. मी वाक्याची वाट पाहिली. त्या एका दिवशी ते आलं नाही.

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. अण्णांना वाजवता येतं. एकदा आम्ही सगळे लग्नाला गेलोय असं समजून ते एकटेच वाजवत बसले होते. मी तब्येतीमुळं घरीच होतो. ऑर्केस्ट्रातलं एक जुनं गाणं त्यांनी अख्खं वाजवलं, नुसता बेस. गाणारा नाही, ढोलक नाही, तरी मला गाणं ओळखू आलं. दुसऱ्या दिवशी मी तसं म्हणालो, तर अण्णा चोरी सापडल्यासारखे ओशाळले. "ते काय, बघून बघून वाजवलेलं. त्याला पाया नाही." मग विषय बदलायला लिओ फेंडरची गोष्ट. ती मी पंचवीसदा ऐकली आहे. अमेरिकेत रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. बेसवाल्यांना माणसाहून उंच डबल बेस उभा धरून वाजवावा लागे. यानं 1951 साली गळ्यात अडकवता येईल असा विजेवरचा बेस बाजारात आणला. त्यानंतर पंचमदांच्या ताफ्यातले टोनी वाझ. "गाणाऱ्याचं नाव समद्या देशाला ठाऊक. वाझ साहेबांचं कुनाला ठाऊक हाय? पन त्यांचा बेस काढून घ्या, गाणं अधांतरी!"

"मग दुसरा धडा घ्या की अण्णा," मी वैतागून म्हणालो. "सात वर्षं झाली."

त्यावर ते जे बोलले ते मला आधी ठाऊक असायला हवं होतं. भिंतीला भिंत आहे.

पहिला गुरू वसमतचा, बँडमधला पोरगा. पहिला धडा दिला आणि चाकणच्या कंपनीत लागला. दुसरा नांदेडला इंजिनिअरिंग करणारा. अण्णा दर रविवारी एसटीनं गिटार मांडीवर घेऊन जायचे, कंडक्टर तिचं अर्धं तिकीट मागायचा. नवीन गुरू म्हणून त्यानंही पहिल्यापासून धरलं. महिनाभरात हिंजवडी. तिसऱ्यानं मोबाइलच्या दुकानावर क्लास काढला होता. तोही पुण्याला गेला, आता लोकांच्या दारात जेवणाचे डबे पोचवतो. चौथा गुरू मोबाइलमधला. त्याच्या दुसऱ्या धड्याला स्क्रीनवर गोल फिरत राहतो.

"प्रत्येक जण म्हनतो, काका, आधी पाया बघू तुमचा," अण्णा म्हणाले. "पाया बघतो आन् रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं जातो. गुरुजी, दुसरा धडा पुण्यात राहतो. तिकडं खोली करून."

मी काय बोलणार? माझ्या शाळेतून दहावी झालेली किती पोरं गावात राहिली, हे मोजायला एका हाताची बोटं पुरतात. मी आयुष्यभर पहिलाच धडा शिकवला आहे. आणि हो, माझीही एक पेटी आहे. प्रवेशिकेची परीक्षा राहिली ती राहिलीच. तिच्यात उंदीर आहेत.

त्यानंतर मी लाइट आल्यावर कुरकुरणं कमी केलं. बंद नाही केलं, पण कमी. माझी धाकटी तर रोज तिकडंच जाऊन बसायला लागली. अण्णांनी तिला पहिला धडा दिला, म्हणजे एवढंच द्यायला त्यांच्याकडं होतं. दीड वर्ष सोळा ढूं. मनगट कुठं ठेवायचं, बोट तारेवरून उचलताना आवाज कसा मरू द्यायचा नाही, आणि पायानं मात्रा मोजताना डोकं हलवायचं नाही. डोकं हलवलं की टपली. बारावी झाली आणि ती पुण्याला कॉलेजात गेली. ट्रॅव्हल्समध्ये बसवायला अण्णाही आले होते. तिला म्हणाले, "जा. सगळे जायलेत."

परवा रात्री लाइट होती, तरी भिंतीपलीकडं शांतता होती. मला झोप येईना. तेवढ्यात तिचा व्हिडिओ कॉल आला, माझ्यासाठी नव्हेच. "बाबा, फोन अण्णाकाकांकडं न्या ना." मी बनियनवरच गेलो. अण्णा खाटेवर, गिटार मांडीवर. पडद्यावर आमची पोरगी, हॉस्टेलच्या खोलीत, कुणाचीतरी लाल गिटार घेऊन.

"अण्णाकाका, क्लास लावलाय. दुसरा धडा झाला आमचा. तुम्हाला दाखवते. हात बघा हं."

गोल फिरला नाही. चित्र स्वच्छ होतं. अण्णांनी चष्मा लावला, फोन उशीला टेकवला, मान पुढं काढून तिची बोटं बघितली. मग खाकरले.

"थांब पोरी," ते म्हणाले. "आधी पहिला एकदा संग घेऊ. पाया बघू दे तुझा."

आणि इकडून नि तिकडून सुरू झालं. नेटवर्कमुळं तिचा 'ढूं' अर्धा क्षण मागून येत होता. दहाव्याला आमच्या घरातून परात सामील झाली.