सावकाश शिका गिरिह (इस्लामी वास्तूंवरची विणलेल्या पट्ट्यांची भौमितिक नक्षी): नवशिक्यांसाठी पाच पायऱ्या

साहित्य: कंपास, पट्टी, पेन्सिल, भला मोठा खोडरबर आणि एक भिंत. भिंत स्वतःची नसल्यास मालकाला आधी विचारावे.

१. वर्तुळ काढून त्याचे दहा समान भाग करा. कंपासचे अंतर न बदलता परिघावर फिरलात तर सहा भाग आपोआप पडतात. म्हणून आळशी माणसे षट्कोनावरच समाधान मानतात. दहासाठी आधी पंचकोन साधावा लागतो.

२. आता समान बाजूंचे पाच आकार आखा: दशकोन, पंचकोन, लांबट षट्कोन, समभुज चौकोन आणि डमरूसारखा एक. प्रत्येक बाजूच्या मध्यावर दोन रेषा ७२ आणि १०८ अंशांत छेदल्या पाहिजेत. मग आकार कसेही जुळवा, एकाची रेषा दुसऱ्यात सरळ शिरते. शिरली नाही, तर दोष भूमितीचा नाही.

३. खोडा. आकारांच्या कडा पुसा, फक्त आतल्या रेषांच्या विणलेल्या पट्ट्या ठेवा. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातल्या नमुन्यांच्या गुंडाळीतही मांडणीच्या रेषा शाईविना, नुसत्या टोच्याने कोरलेल्या आहेत. सांगाडा उस्तादांसाठी, नक्षी पाहणाऱ्यासाठी. इस्फहानच्या दर्ब-ए-इमाम दर्ग्यावर (१४५३) हा सांगाडा इतका छान लपला आहे की, त्यामागे हेच पाच आकार असल्याची मांडणी पीटर लू आणि पॉल स्टाइनहार्ट या भौतिकशास्त्रज्ञांनी केली ती थेट २००७ साली.

४. आधुनिक व्हायचे असल्यास मोटार बसवा. वास्तुविशारद ज्याँ नुव्हेल यांनी पॅरिसच्या अरब जगत संस्थेच्या दक्षिण भिंतीवर (१९८७) उन्हानुसार उघडमीट करणाऱ्या झडपांच्या २४० चौकटी लावल्या. पुढे त्या बिघडत गेल्या. २०१७ च्या लुव्र अबू धाबीत त्यांनीच १८० मीटर व्यासाच्या घुमटाला ताऱ्यांच्या जाळीचे आठ थर एकावर एक दिले. तारे ७,८५०, हलणारा भाग एकही नाही. हलायचे काम सूर्याकडे सोपवले. तो दुरुस्तीला येत नाही.

५. नेहमीची शंका: कोपऱ्यात ताऱ्याचा पावच भाग आला, चुकले का? नाही. तोपकापीच्या गुंडाळीतल्या बऱ्याच आकृत्याही पावच आहेत; आरशासारख्या उलटवत गेले की नक्षी हवी तितकी पसरते. तुमची नक्षी बरोबर आहे, भिंत अपुरी पडली. गवंड्याला बोलवा.